सड्यावरचं पाणी

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. दिवाळी अंक मी आजवर वाचले ते सलूनमध्ये, माझा नंबर लागेपर्यंत. त्यांत लिहिणारी माणसं डॉक्टर, वकील, मोठे अधिकारी अशी असतात. मी पोकलेन चालवतो. आमच्या घरात कुणाचं नाव छापून आलं असेल तर ते लग्नपत्रिकेत. चाळिशी जवळ आल्यावर मी बी.ए.ला बाहेरून नाव घातलं, रविवारचे तास तेवढे कॉलेजात असतात. घरातून कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी, तोही अर्धे केस पिकल्यावर. आमच्या भूगोलाच्या मॅडमनी एकदा तास संपल्यावर मला थांबवून घेतलं आणि हे लिहायला सांगितलं. मी म्हणालो, "मॅडम, माझं शुद्धलेखन कच्चं आहे." त्या म्हणाल्या, "शुद्धलेखन मी बघते. तुम्ही झालं ते लिहा." म्हणून लिहितो आहे. कुणाला हे आगाऊपणाचं वाटलं तर त्यांनी पान उलटावं, मला वाईट वाटणार नाही.

पोकलेन म्हणजे काय ते आधी सांगतो. रणगाड्यासारख्या साखळ्यांवर सरकणारं धूड असतं. वर गरगर फिरणारी केबिन आणि पुढं लोखंडी हात. त्या हाताला माणसासारखा खांदा आहे, कोपर आहे, मनगट आहे आणि मनगटाला दातेरी बादली. कंपनी कुठलीही असो, आमच्याकडं सगळे त्याला पोकलेनच म्हणतात. ऑपरेटरच्या दोन हातांत दोन दांडे असतात. नवीन माणूस दांडा ओढतो तेव्हा बादली हिसका मारते. मुरलेल्या माणसाची बादली जेवायला बसलेल्या माणसाच्या हातासारखी फिरते. बादलीच्या दातानं काडेपेटी उचलून दाखवणारे असतात, पण ते जत्रेतले खेळ. खरी परीक्षा एकच. डंपर भरत असताना आत झोपलेला डंपरचा ड्रायव्हर जागा होता कामा नये. मी भरलेल्या डंपरात ड्रायव्हर घोरत असायचे. एवढा अभिमान मी बाळगला तर चालेल ना?

हे काम मी शिकलो चंद्रपूरकडच्या एका उघड्या कोळसा खाणीत. आमचं गाव आजऱ्याच्या बाजूला. वडील दुसऱ्याच्या भातात राबायचे. नात्यातल्या एकानं मला चंद्रपूरला नेलं आणि ग्रीस मारायच्या कामावर चिकटवलं. तिथलं कोळशाचं यंत्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मान वर करून उभाच राहिलो. आज मी चालवतो ते पोकलेन त्याच्यापुढं पोरांचं खेळणं. त्याच्या बादलीत आमचं सगळं घर, माणसं आणि भांडीकुंडी धरून, उभं राहिलं असतं. ती बादली डोंगराच्या पोटात शिरायची तेव्हा पायाखालची जमीन पाठ खाजवल्यासारखी हलायची.

कोळसा खाली असतो. त्याच्यावर जे काही असेल ते आधी काढून बाजूला टाकावं लागतं. त्या वरच्या सगळ्याला खाणीत ओबी म्हणतात. कापसाचं शेत असो, ओढा असो, बांधलेली विहीर असो, चिंचेचं झाड असो, सगळी ओबीच. आज किती ओबी काढली, एवढंच साहेब विचारायचे. त्या ओबीचे ढीग इतके वाढले होते की लांबून येणारा माणूस त्यांना डोंगर समजायचा. त्या डोंगरांवर गवतही धड उगवत नव्हतं आणि पाऊस झाला की खालच्या शेतांत काळा राडा उतरायचा. एकदा एक शेतकरी बांधावर उभा राहून आमच्याकडं हात करून काहीतरी ओरडत होता. केबिनची काच बंद होती. त्याचं तोंड हलताना दिसलं, आवाज आला नाही. मी तेव्हा शिकाऊ म्हणून ऑपरेटरच्या शेजारी बसलो होतो. ऑपरेटर म्हणाला, "देखना नहीं उधर." मी बघायचं सोडलं. ते मी फार लवकर शिकलो.

नव्वदच्या दशकात मी परत आलो. कोल्हापूरहून रत्नागिरीच्या रस्त्यानं मलकापूरच्या पुढं गेलं की डोंगर लागतात. त्यांचे माथे विळीनं कापल्यासारखे सपाट आहेत. त्या सपाटीला तिकडं सडा म्हणतात. सड्यावर जांभा दगड आणि जांभ्यात बॉक्साइट, ज्याचं पुढं ॲल्युमिनियम होतं. एका ठेकेदाराला तिथं पोकलेनवाला पाहिजे होता. घराजवळचं काम, मी लगेच गेलो.

सडा उन्हाळ्यात बघितला तर कुणीही म्हणेल, हा काय, ओसाड माळ. मीही तेच म्हणालो. कोळशाच्या खाणीत शेतं उचलली, इथं तर काहीच नाही, मनाला लागायचं कारण नाही, असं वाटलं. पावसाळा संपता संपता तोच सडा फुलांनी झाकला गेला. निळी, पिवळी, पांढरी, टाचणीच्या डोक्याएवढी फुलं. त्यांच्याखाली माती म्हणाल तर बोटभर. ती बोटभर माती मी सकाळच्या सकाळी साय काढावी तशी खरवडून काढली. काम संपल्यावर खड्डा बुजवून ती परत पसरायची असा नियम होता. परत पसरली तेव्हा तिच्यात फूल राहिलं नव्हतं. त्यावर रांगेनं ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्या आणि हिरवं झालं म्हणून साहेब खूश झाले.

सड्याच्या काठाखाली उतारावर एक धनगरवाडा होता. म्हशी पाळायच्या, दूध मलकापूरला घालायचं, एवढ्यावर जगणारी थोडी घरं. तिथल्या ठकूबाईची आणि माझी ओळख झाली ती एका रेडकामुळं. आम्ही खणून सोडलेल्या खड्ड्यात पाणी साठलं होतं आणि तिचं रेडकू त्यात घसरलं होतं. कडा उभी आणि खाली चिखल. दोर टाकून बाप्ये दमले. ती खड्ड्याच्या काठावर उभी राहून आम्हाला शिव्या देत होती. मी मुकादमाला न विचारता मशीन फिरवलं, हात लांबवला, बादली रेडकाच्या पोटाखाली सरकवली आणि डंपरात झोपलेल्या ड्रायव्हरला जपतो त्याहून जपून वर उचललं. रेडकू बादलीत गुमान बसलं होतं, झोपाळ्यात बसल्यासारखं. खाली ठेवताच पळालं.

ठकूबाईनं शिव्या थांबवल्या आणि केबिनजवळ येऊन मला नीट बघून घेतलं.

"पाडलंस बी तूच आन् काढलंस बी तूच," ती म्हणाली. "आता पानी तरी पिऊन जा, पावणं."

तिचा मुलगा बिरू सोबत होता. माझ्याच वयाचा, दुधाच्या किटल्या खांद्यावरून मलकापूरला न्यायचा. ती दोघं मला झऱ्यावर घेऊन गेली. झरा म्हणजे जांभ्याच्या कपारीतलं एक कुंड, गुऱ्हाळाच्या काहिलीएवढं. कपारीतून बोटासारखी धार यायची. काठ बायकांच्या पायांनी गुळगुळीत झालेला. ठकूबाईनं चरवी भरली आणि मी सवयीनं खाली वाकून ओंजळ पुढं केली.

हे समजण्यासाठी एक सांगावं लागेल. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांच्या काळात आमच्या गावात आमचा पाणवठा निराळा होता, ओढ्याच्या खालच्या अंगाला. माझ्या वेळी असलं काही उघड राहिलं नव्हतं, तरी परक्या दारात पाणी मागितलं की वडील ओंजळच करायचे आणि बघून बघून माझाही हात तसाच वळायचा. पाण्यासाठी आमच्या लोकांनी काय काय सोसलं ते मी नव्यानं सांगायला नको.

ठकूबाईनं माझी ओंजळ बघितली. "नाव काय तुजं?"

"कांबळे."

"मग कांबळे, वंजळ कशाला करतुयास? चरवी धर की हातात. निम्मं सांडायचं न्हाईतर."

मी चरवी तोंडाला लावून प्यालो. तिच्या दृष्टीनं ते बोलणं तिथंच संपलं. माझ्या दृष्टीनं संपलं नाही. त्या दिवसापासून जेवणाच्या सुटीत मी झऱ्यावर जायचो आणि मनात यायचं, ह्या बाईसाठी काहीतरी करायला पाहिजे.

ती संधी दसऱ्याला आली. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. खाणीवर पोकलेनची पूजा व्हायची. आदल्या दिवशी धुऊन, ग्रीस मारून, बादलीच्या प्रत्येक दाताला हळदकुंकू आणि गळ्यात झेंडूचा हार. मी पूजा करत नाही, ती मुकादम करायचा. मी बाजूला उभा राहायचो, नारळाचा मात्र मोठा वाटा मागून घ्यायचो. त्या दिवशी मशीन बंद. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला ते चालू करायचं आणि पहिली बादली चांगल्या कामाला लावायची असा रिवाज होता. कधी देवळाचं जोतं, कधी शाळेचं मैदान.

त्या वर्षी बिरू पूजेला आला होता. म्हणाला, "औंदाची पैली बादली आमच्या झऱ्याला लावा की. उनाळ्यात धार बारीक हुती, बायकास्नी वाटीवाटीनं भरायला लागतंय. जरा खोल केला तर पानी साटंल."

मुकादम म्हणाला, "पुण्याचं काम हाय. काय कांबळे?"

मला हे कुणी विचारावं याचीच मी वाट बघत होतो.

ठकूबाई एकटी कुरकुरली. "कशाला? हाय त्येवढं बरं हाय की."

बिरू म्हणाला, "आये, डोंगर काढत्यात ही मानसं. त्येस्नी एक डबरं काढाय काय हुतंय?"

ती हसली. "मग काढा बाबा."

दसऱ्याच्या सकाळी मी मशीन सड्यावरून खाली उतरवलं. वाट करताना जांभळाची दोन-तीन झाडं गेली, ती कुणी मोजली नाहीत. सगळा धनगरवाडा जमला होता. मी बादलीचे दात कुंडाच्या काठाला टेकवले. वर सड्यावर जो हात धडाधड चालायचा तो तिथं मी किती हळू चालवला! आधी जांभा निघाला. त्याच्याखाली पांढरट चिकट माती लागली, गणपतीच्या शाडूसारखी. मऊ होती, बादली लोण्यात शिरावी तशी शिरली. मला वाटलं, बरं झालं, दगड संपला, आता भरपूर खोल जाता येईल. आणि मी गेलो. चांगला बैल बुडेल एवढा खोल गेलो.

कपारीतून पाणी भसाभसा आलं. बोटाएवढ्या धारेची मांडीएवढी झाली. बायका ओरडल्या, पोरांनी उड्या मारल्या, कुणीतरी मशीनवर गुलाल टाकला आणि माझ्या काचेवरही. उतरलो तर ठकूबाईनं माझ्या कपाळाला गुलाल लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आजपास्नं ह्येला कांबळ्याचा झरा म्हनायचं. कळलं का रं समद्यास्नी?"

मी सुटी काढून आजऱ्याला गेलो आणि वडिलांना सांगितलं. ते अंगणात सुपल्या विणत बसले होते. त्यांनी हातातली बांबूची पट्टी खाली ठेवली.

"पान्याला?" त्यांनी विचारलं. "पान्याला आपलं नाव दिलं?"

"व्हय."

"लोकं पित्यात त्या पान्याला?"

"व्हय की, आप्पा."

 ते उठले, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि गावात सांगायला निघाले. पाराजवळ, दुकानात, बुद्धविहारात, भेटेल त्याला. माझ्या लग्नातही मी त्यांना असं चालताना बघितलं नव्हतं.

दिवाळीपर्यंत कुंड भरलेलं राहिलं. मग पाणी थोडं थोडं खाली जायला लागलं. आम्ही म्हटलं, गाळ बसत असेल. थंडी सरायच्या आत तळाचा चिखल दिसायला लागला. कपारीतून धार यायची, कुंडात पडायची आणि तिथंच कुठंतरी मुरून जायची. मी पुन्हा मशीन घेऊन गेलो. तीच पांढरी माती आणून तळाला टाकली, बादलीच्या पाठीनं दाबली, थोपटली. लोखंडाच्या वजनानं खालचा दगड आणखी तडकला असावा. होळीला कुंड कोरडं होतं आणि उन्हाळ्यात धारही गेली.

ठकूबाई रागावली नाही. ती कोरड्या कुंडाच्या काठावर घागर उपडी घालून तिच्यावर बसली होती. मला बघून म्हणाली, "कांबळे, तुज्या बादलीला भोक हाय का काय रं?" बायका हसल्या. मीही हसलो. हसायला नको होतं.

त्यानंतर बायका खाली ओढ्यावर जायला लागल्या. जाताना उतार, येताना डोक्यावर घागर घेऊन चढ. माझ्या केबिनमधून ती वाट दिसायची. काच बंद असली तरी दिसायची. मी मशीनचं तोंड दुसरीकडं करून बसायचो आणि त्या बाजूचे डंपर भरायचो. पुढं परवानगीची काहीतरी अडचण निघाली, खाण बंद पडली आणि मी कोल्हापूरला आलो. आता शिवाजी पेठेत भाड्यानं राहतो. इमारतींचे पाये खणतो आणि संध्याकाळी अभ्यास करतो.

मॅडमनी ज्या तासाला मला थांबवलं, त्या तासाला त्यांनी फळ्यावर आमचाच सडा काढला होता. वर जांभा, त्याला सुईनं टोचल्यासारखी छिद्रं. पावसाचं पाणी त्यातून मुरतं आणि वर्षभर हळूहळू झिरपतं. जांभ्याखाली त्यांनी पांढऱ्या खडूनं एक पट्टा काढला. म्हणाल्या, ही चिकणमाती, हिच्यातून पाणी खाली जात नाही, म्हणून ते बाजूनं झरा होऊन बाहेर येतं. हा पट्टा म्हणजे भांड्याचा तळ समजा.

मी हात वर केला. वर्गातली पोरं माझ्याकडं वळून बघतात, म्हणून मी सहसा विचारत नाही. मी विचारलं, "मॅडम, त्या तळाला कुणी भोक पाडलं तर?"

"तर साठलेलं पाणी आधी जोरात बाहेर येईल," त्या म्हणाल्या, "आणि मग झरा संपेल."

तास संपल्यावर मी बाकावरून उठलो नाही, म्हणून त्यांनी मला थांबवलं.

त्यांना सगळं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "वरचा जांभाच काढून नेला तर झरा तसाही आटला असता. सगळा दोष स्वतःकडं घेऊ नका." त्यांनी मनापासून सांगितलं. पण वरचा जांभा कुणी काढला? तोही मीच. वरून भांडं मी फोडलं आणि खालून तळही मीच काढला. एक बादली पगाराची होती आणि एक पुण्याची. कुठल्या बादलीनं पाणी गेलं हे ठरवून मला सुटका कशी मिळणार?

झरा आटल्याचं वडिलांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते वारले तेव्हा मातीला आलेल्या एका पाहुण्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "तो झऱ्यावाला मुलगा तूच न्हवं?" मी मान डोलावली.

गेल्या काही वर्षांत मी त्या बाजूला गेलो नाही. एकच आशा धरून होतो. झरा आटला, आता ते नाव तरी लोकांच्या तोंडातून गेलं असेल. कोरड्या खड्ड्याला कोण नावानं हाक मारतं?

हा लेख इथपर्यंत लिहून झाला होता. मागच्या महिन्यात एका गॅरेजला मशीनचा फुटलेला पाइप दुरुस्त करून घ्यायला गेलो, तर तिथं दुधाच्या टेम्पोखालून एक माणूस बाहेर सरकला. बिरू. केस गेलेले, पोट सुटलेलं. त्यानंच मला ओळखलं.

"कांबळे! आरं हाईस कुठं लेका?"

आम्ही चहा घेतला. तो दूध आता टेम्पोनं नेतो, म्हशी कमी झाल्या, वाड्यातली निम्मी घरं खाली रस्त्याला आली. मी बराच वेळ इकडचं तिकडचं विचारत राहिलो. शेवटी विचारलं, "आई कशी हाय?"

"हाय की. गुडघं गेल्यात. पर टँकर आला की पैली हुबी."

"टँकर येतोय व्हय?"

"संक्रांत झाली की सुरू. पार पावसापर्यंत."

"वाड्यापर्यंत येतो?"

"वाड्यापर्यंत कुठला! म्होरं वाटच न्हाई. तू मशीन उतराय वाट केलतीस बग, त्या वाटंनं येतोय आन् तितंच हुबा ऱ्हातोय." त्यानं बशीतला चहा ओढला. "कांबळ्याच्या झऱ्यावर."

मी बशी खाली ठेवली.

"आजून तसंच म्हनतासा?"

"मग काय म्हनायचं? पंचायतीनं दगडावर रंगानं लिवलंय, टँकरवाल्याला घावावं म्हनून. नव्या पोरांनी मदी बदलूया म्हटलं हुतं. आईनं बदलू दिलं न्हाई." तो हसला. "म्हनली, मनानं चांगला हुता त्यो. ऱ्हाऊ दे नाव."